तुवालू किनारा अनुकूलन प्रकल्प

प्रशांत महासागरातील तुवालू या द्वीपराष्ट्राच्या किनाऱ्यांचे वादळी लाटा व चढत्या समुद्रपातळीपासून रक्षण करण्यासाठी हाती घेतलेला प्रकल्प. मूळ खर्च ३ कोटी ८९ लाख अमेरिकी डॉलर. त्यांपैकी ३ कोटी ६० लाख ग्रीन क्लायमेट फंडाने, म्हणजे विकसनशील देशांना हवामानबदलाशी सामना करण्यासाठी पैसा पुरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधीने, अनुदान म्हणून दिले, बाकीचे २९ लाख तुवालू सरकारने घातले.

तुवालूची नऊ बेटे मिळून जमीन जेमतेम २६ चौ. किमी. आणि वस्ती सुमारे ११ हजार. बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून दोन-तीन मीटरांच्या आतच आहे आणि ती प्रवाळाची, म्हणजे सच्छिद्र. उधाणाच्या भरतीला पाणी किनारा ओलांडून येते ते वेगळेच; इथे ते पायाखालून वर येते. राजधानीच्या फुनाफुती बेटावर विमानतळाच्या कडेला आणि घरांच्या अंगणात जमिनीतून बुडबुडे येत खारे पाणी साचते. खड्ड्यांत लावलेला पुलाका, म्हणजे आपल्या अळकुडीच्याच कुळातला पण पुष्कळ मोठा कंद, या पाण्याने कुजतो. त्यामुळे नुसती भिंत बांधून भागत नाही, जमीनच उचलावी लागते.

मार्च २०१५ मधील पॅम चक्रीवादळाचे केंद्र तुवालूपासून बरेच दूर होते, तरी त्याच्या लाटांनी देशातील जवळजवळ निम्म्या लोकांना झळ पोहोचली. पुढच्याच वर्षी निधी मंजूर झाला. मात्र या फंडाचा पैसा मागायला मान्यताप्राप्त संस्था लागते आणि हिशेब, लेखापरीक्षण, पर्यावरण-तपासणी यांच्या अटी एवढ्याशा देशाच्या प्रशासनाला पेलणे कठीण. म्हणून अर्ज संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत गेला. दुसरी अडचण मोजमापाची होती. कुठली जागा नेमकी किती उंच आहे, याची भरवशाची माहितीच नव्हती. २०१९ मध्ये विमानातून लायडार, म्हणजे लेसर किरणांनी उंची मोजणारे, सर्वेक्षण झाले तेव्हा ती हाती आली. सर्वांत धोक्यात असलेल्याकडेच पुरावा गोळा करायची साधने सर्वांत कमी असतात, ही या साऱ्या व्यवहारातली खरी अडचण आहे आणि ती अन्यायाची आहे. रक्कम कर्जाऊ नव्हती, हे मात्र योग्यच झाले. मासेमारी परवान्यांच्या शुल्कावर आणि ‘डॉट टीव्ही’ या इंटरनेट नामक्षेत्राच्या भाड्यावर चालणाऱ्या देशाने दुसऱ्यांच्या धुरापायी कर्ज का काढावे?

फुनाफुतीत खारकच्छाच्या, म्हणजे बेटांच्या कड्याने वेढलेल्या उथळ समुद्राच्या, तळाची वाळू उपसून किनाऱ्यालगत सुमारे ७८० मी. लांब व १०० मी. रुंद भराव घालण्यात आला. त्याची समुद्राकडची बाजू वाळू भरलेल्या जाड भूवस्त्राच्या पिशव्या रचून बांधली. २०२३ अखेर तो पुरा झाला. इ.स. २१०० नंतरही तो पाण्याच्या वर राहावा, अशा हिशेबाने त्याची उंची ठरवली आहे. जिथे मोकळी जागा अशी विमानाची धावपट्टीच, आणि संध्याकाळी विमान नसले की मुले तिच्यावरच खेळतात, तिथे साडेसात हेक्टरांच्या आसपास नवी जमीन म्हणजे केवढी तरी. नानुमेआ व नानुमांगा या बेटांसाठी मार्ग वेगळा : लाटांनीच किनाऱ्यावर रचलेल्या उंचवट्यांवर वाढीव बांध.

याच फंडाने भारतातील किनारी वस्त्यांसाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर दिले असून त्या प्रकल्पात आंध्र प्रदेश व ओडिशाबरोबर महाराष्ट्राचा सिंधुदुर्ग जिल्हा आहे. तिथे भर कांदळवनांवर व त्यांच्या आधाराने चालणाऱ्या उपजीविकांवर आहे. तुवालूसारख्या कंकणद्वीपावर, म्हणजे कड्याच्या आकाराच्या प्रवाळबेटावर, असा पर्याय फारसा नसतो.

नोव्हेंबर २०२३ मध्ये तुवालूशी झालेल्या फालेपिली या द्विपक्षीय कराराच्या वेळी ऑस्ट्रेलियाने हा भराव वाढवण्यासाठी १ कोटी ६९ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर जाहीर केले. तुवालूचा स्वतःचा दीर्घकालीन आराखडा याहून कितीतरी मोठा आहे. ‘ते लाफिगा ओ तुवालू’, म्हणजे तुवालूचा आसरा, या २०२२ मधील आराखड्यात फुनाफुतीत सुमारे ३.६ चौ. किमी. उंच जमीन तयार करून लोकांना टप्प्याटप्प्याने तिथे हलवायचे आहे. हे क्षेत्र पहिल्या भरावाच्या जवळजवळ पन्नास पट आहे.