सप्रेसरची चाचणी आणि मायक्रोफोनच्या जागेचा जुना वाद

ठाण्यात ‘सायलेन्सर’ म्हटलं की बुलेटचा फटफटाट आणि पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडलेल्या पुंगळ्या आठवतात. रायफलच्या तोंडावर बसवायची सप्रेसर ही नळीही त्याच कुळातली. मशीनगन बनवणाऱ्या एका संशोधकाच्या मुलाने अमेरिकेत १९०९ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि त्याच तत्त्वावर इंजिनाचा आवाज कमी करण्याचंही काम केलं. तापलेला वायू कप्प्याकप्प्यांतून फिरवायचा, थंड करायचा आणि हळू बाहेर सोडायचा, एवढंच ते तत्त्व. त्याने माल ‘सायलेन्सर’ या नावाने विकला आणि तिथेच घोळ झाला. १९३४ मध्ये अमेरिकेने त्यावर २०० डॉलरचा कर बसवला. तोवर हे ‘मुकं’ हत्यार आहे, हा समज पक्का झाला होता.

मुकं ते कधीच नव्हतं. रायफलच्या गोळीबाराचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. चांगला सप्रेसर त्यातले २० ते ३५ कमी करतो. शिवाय ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी गोळी स्वतःच हवेत कडाका काढते, त्यावर नळीचा काहीच इलाज नाही. म्हणून मी ‘सप्रेसर’ हाच शब्द वापरतो.

डेसिबल ठाणेकरांना नवीन नाहीत. इथल्याच एका डॉक्टरांनी उत्सवांतल्या गोंगाटाविरुद्ध उच्च न्यायालयात लढा दिला, २०१६ चा निकाल आला आणि रहिवासी भागातली दिवसाची ५५ ची मर्यादा सगळ्यांच्या तोंडी बसली. पण तो आकडा काही काळाच्या सरासरीचा आहे. गोळीबाराचा आकडा असतो मिलिसेकंदांत येऊन जाणाऱ्या शिखराचा. ‘सप्रेसर लावूनही १३५’ हे वाचून त्याची डीजेशी तुलना करू नये. अशा क्षणिक दणक्यासाठी कानाची धोक्याची रेषा साधारण १४० ची धरतात.

आता मुख्य वाद, आवाज मोजायचा मायक्रोफोन ठेवायचा कुठे. अमेरिकी लष्करी मानकानुसार मायक्रोफोन नळीच्या तोंडापासून बाजूला १ मीटरवर आणि जमिनीपासून १.६ मीटर उंच ठेवतात. साधा आवाजमापक इथे चालत नाही, कारण शिखर त्याला पकडता येण्याआधीच ओसरतं. बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) हाताने ओढायच्या रायफलला ही जागा ठीक आहे, सगळा वायू पुढूनच निघतो. दर बारानंतर पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिकचं तसं नाही. तिच्यात वायूचाच थोडा भाग मागे वळून बोल्ट ढकलतो आणि रिकामं काडतूस बाहेर फेकतो. पुढे सप्रेसर बसवला की दाब जास्त वेळ टिकतो, बोल्ट जोरात मागे येतो आणि वायूचा झोत काडतूस निघतं त्या खिडकीतून नेमबाजाच्या गालावर येतो. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा उजवा कान त्या खिडकीच्या अगदी जवळ असतो. पुढचा मायक्रोफोन उत्तम आकडा दाखवतो आणि कान मात्र मार खातो. म्हणून दुसरा मायक्रोफोन कानाजवळ, सुमारे १५ सेंटीमीटरवर ठेवायला हवा. अनेक वर्षं जाहिरातींत पुढचाच आकडा छापला गेला, कारण तो देखणा होता. हे मला साफ चुकीचं वाटतं. नळी विकत घेणाऱ्याचा कान त्या पुढच्या जागी नसतोच.

अचूक माऱ्याच्या सेमी-ऑटोला सप्रेसर सोबतच देण्याची रीत अमेरिकी सैन्यात २००८ च्या सुमारास, ७.६२ मिमीच्या स्नायपर रायफलबरोबर रुळली. २०२० च्या अखेरीस तिथल्या मरीन दलाने साध्या पायदळालाही तो द्यायला घेतला. २०२२ मध्ये निवडलेल्या ६.८ मिमीच्या नव्या रायफलच्या सप्रेसरमध्ये तर मागे येणारा विषारी वायू कमी करण्यावरच भर होता. त्यामुळे रेंजवरच्या चाचणीतही भर पडली. सप्रेसरशिवाय आणि सप्रेसरसह ग्रूप (लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका) किती सरकतो, नळी काढून पुन्हा लावल्यावर झिरो (निशाण जुळवून ठेवलेली जागा) तिथेच राहतो का, काडतुसं कुठे आणि किती लांब पडतात, हे सगळं आता नोंदवतात. पहिली गोळी वेगळी मोजतात, कारण नळीतल्या ताज्या हवेत उरलेली दारू पेटून तिचा आवाज बहुधा मोठा येतो. तापमानही लिहावं लागतं. शून्य अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३३१ मीटर असतो, ठाण्याच्या मे महिन्यातल्या ३५ अंशांत तो ३५२ होतो. काठावरच्या वेगाची गोळी थंडीत कडाका काढेल, इथे कदाचित काढणार नाही.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम लागू आहेत, साध्या परवान्यावर सप्रेसर मिळत नाही. ठाणे आणि नवी मुंबईतली मुलं १० मीटर एअर रायफलवर शिकतात, त्यांचा याच्याशी संबंध येतो तो वाचनापुरताच. नॉर्वे आणि फिनलंडमध्ये मात्र शिकारी तो सर्रास लावतात. अमेरिकेतला २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आला, नोंदणीची सक्ती मात्र कायम आहे.