क्योटोच्या तांदळावरची बुरशी आणि अप्पांची गोळी

मार्चमध्ये आमच्या अप्पांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, १६८ वरून ९२ वर आलं, रिपोर्ट नॉर्मल, मग गोळी कशाला? ताप उतरल्यावर आपण तापाची गोळी थांबवतोच की, असा त्यांचा हिशेब. जुलैत मिरजेच्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं, तर आकडा १६१. चार महिने त्यांनी अंडं खाल्लं नव्हतं, तुपाला हात लावला नव्हता. लॅबमधल्या मुलीने रक्ताची नळी दाखवली. वरचं सीरम पिवळसर आणि अगदी स्वच्छ होतं. अप्पा म्हणाले, "ह्यात चरबी कुठाय?"

प्रश्न रास्त होता. सीरम दुधाळ दिसतं ते ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी फार वाढल्यावर. एलडीएलचे कण इतके बारीक असतात की ते भरपूर असले तरी सीरम नितळच दिसतं. आणि शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल ताटातून येतच नाही, ते यकृत आणि इतर पेशी स्वतःच तयार करतात. पेशींचं आवरण, हार्मोन, पित्त या सगळ्यांसाठी ते लागतंच.

हे तयार होणं थोपवायचं कसं, याच्या मागे जपानचे अकिरा एन्दो लागले. जन्म १९३३चा, अकिता भागातल्या शेतकरी घरातला. टोकियोच्या सांक्यो कंपनीत काम करताना त्यांनी एक अंदाज बांधला. काही बुरशी आपल्या शत्रू जंतूंना मारण्यासाठी त्यांचं स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या जातीचा पदार्थ) बनवणारं एन्झाइमच बंद पाडत असतील. मग १९७१पासून दोन वर्षं सुमारे ६,००० नमुने तपासले. हाती लागली ती क्योटोच्या एका धान्य दुकानातल्या तांदळावरची निळसर-हिरवी बुरशी, पेनिसिलियम सिट्रिनम. तसला तांदूळ मार्केट यार्डात कुणी पोत्याच्या भावाने घेणार नाही. त्यातून ते एन्झाइम अडवणारं कंपॅक्टिन निघालं.

पण उंदरांवर त्याचा परिणामच होईना. औषध मिळताच उंदराचं यकृत तेच एन्झाइम कितीतरी जास्त बनवू लागतं, हे पुढे कळलं. काम तिथंच संपायचं. पण कंपनीतल्याच एका सहकाऱ्याकडे प्रयोगासाठी पाळलेल्या अंड्यांच्या कोंबड्या होत्या. कोंबडी पिवळ्या बलकासाठी भरपूर कोलेस्टेरॉल बनवते, म्हणून एन्दोंनी त्यांच्या खाद्यात कंपॅक्टिन मिसळायला लावलं. महिनाभरात त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलं. मला या सगळ्या कथेत हाच टप्पा सर्वात मोलाचा वाटतो.

अप्पांची गोळीही याच जातीची. ती नेमकं काय करते, ते अमेरिकेतले शास्त्रज्ञ ब्राउन आणि गोल्डस्टीन यांच्या संशोधनातून उलगडलं. त्यांना १९८५चं नोबेल मिळालं. अप्पांना मी ते कारखान्याच्या भाषेत सांगितलं. कार्यक्षेत्रातला ऊस कमी पडला की कारखाना बाहेरचा ऊस ओढतो ना? यकृताच्या पेशीचंही तसंच. आतलं उत्पादन गोळीने घटलं की पेशी बाहेरच्या अंगाला एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवते, जणू ऊस आत घेणाऱ्या जास्त गव्हाणी उघडते, आणि रक्तातलं एलडीएल आत घेते. गोळी थांबली की आतलं उत्पादन पूर्ववत, गव्हाणी कमी, आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. अप्पांचा ९२ हा आकडा गोळी चालू होती तोवरचाच होता.

एन्दोंचं कंपॅक्टिन बाजारात आलंच नाही. कुत्र्यांवरच्या चाचण्यांनंतर कंपनीने ते थांबवलं. त्याच जातीचं लोव्हास्टॅटिन १९८७मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पुढे १९९४मध्ये सिमव्हास्टॅटिनची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांवर सुमारे पाच वर्षं ती चालली, आणि गोळी घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. एन्दो २०२४मध्ये, नव्वदाव्या वर्षी गेले.

गोळीने काहींचे स्नायू दुखतात, हे खरं आहे. तसं झालं तर डॉक्टरांना सांगायचं, ते मात्रा किंवा औषध बदलून देतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, एवढं मी अप्पांना हात जोडून सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रात्री जेवण झाल्यावर स्टीलच्या डब्यातून स्ट्रिप काढली, गोळी तळहातावर घेतली आणि विचारलं, "त्या कोंबड्यांनी अंडी द्यायची थांबवली का गं?"

"नाही अप्पा. पहिल्याइतकीच देत राहिल्या."