इंग्रजी नामाचे अनेकवचन आणि षष्ठी

इंग्रजी नामाला आज दोनच विकार उरले आहेत, अनेकवचनाचा व षष्ठीचा, आणि दोन्ही बहुधा ‘एस’ या एकाच अक्षराने होतात. जुन्या इंग्रजीत पुल्लिंगी नामांच्या एका मोठ्या वर्गात ‘-अस’ हा अनेकवचनाचा आणि ‘-एस’ हा षष्ठीचा प्रत्यय होता. पुढे मधला स्वर गळाला आणि दोन्ही रूपे कानाला एकच झाली. लेखनात त्यांतला भेद अपॉस्ट्रॉफी या लोपचिन्हाने दाखवतात. अनेकवचनी षष्ठीत हे चिन्ह ‘एस’च्या पुढे देण्याचा प्रघात 18व्या शतकात रुजला. मेन, फीट, ऑक्सन, चिल्ड्रन ही जुन्या पद्धतींची शिल्लक आहे. शीप मात्र आपल्या ‘दगड’सारखे दोन्ही वचनांत तसेच राहते.

बडोद्यातल्या मराठी घरातले मूल घरी ‘फायली’, बाजारात गुजराती ‘फाइलो’ आणि शाळेत ‘फाइल्स’ ऐकते, त्यामुळे अनेकवचन त्याला फारसे अडत नाही. अडते ती षष्ठी. मराठीचे चा-ची-चे आणि गुजरातीचे नो-नी-नुं मालकीच्या वस्तूप्रमाणे बदलतात. इंग्रजीत राजाचा घोडा, राजाची घोडी आणि राजाचे घोडे या तिन्हींना ‘किंग्ज’ एवढेच पुरते.

चिन्हाच्या जागेचे महत्त्व याच शहरातल्या दोन नावांत दिसते. संस्थानाची रेल्वे ‘गायकवार्ज बडोदा स्टेट रेल्वे’ म्हणून ओळखली जाई (‘ड’चा ‘र’ इंग्रजांनी केला), आणि 1916 पासून संस्कृत ग्रंथांची ‘गायकवाड्ज ओरिएंटल सिरीज’ निघू लागली. दोन्हींत चिन्ह ‘एस’च्या अलीकडे आहे, म्हणून गायकवाड एकच, म्हणजे गादीवरचे महाराज. ते पलीकडे सरकले असते तर रेल्वे साऱ्या गायकवाड घराण्याची झाली असती. मराठीत ‘गायकवाडांची रेल्वे’ म्हटले की अनुस्वार आदराचा की संख्येचा, हे संदर्भावरूनच ठरवावे लागते. मराठी विद्यार्थ्याचे चिन्ह पुष्कळदा चुकीच्या बाजूला पडते, ते अज्ञानापेक्षा या आदरार्थी अनेकवचनाच्या सवयीमुळे असावे.

इंग्रजी षष्ठी नामाला नव्हे तर पदसमूहाच्या शेवटाला चिकटते, हे आणखी एक वेगळेपण होय. ‘द महाराजा ऑफ बडोदाज पॅलेस’ यात प्रत्यय बडोद्याला लागलेला असला, तरी राजवाडा महाराजांचाच असतो.