विल्माच्या मिरवणुकीआधीची एक मिरवणूक

विल्मा रुडॉल्फची गोष्ट मराठीत बहुतेकांनी कधी ना कधी वाचलेली असते. लहानपणी पोलिओ, पायात कॅलिपर, डॉक्टरांनी सोडलेली आशा, आईची जिद्द आणि मग १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदकं. याच रोममध्ये मिल्खासिंग चौथे आले, ती हळहळ आपल्याला अजून आहे. विल्माच्या गोष्टीचा जो भाग आपल्याकडे सहसा गळतो, तो तिच्या घरी परतण्याचा. त्यासाठी आधी बारा वर्षं मागे जावं लागतं, ॲलिस कोचमनपर्यंत.

ॲलिस जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनीची. जन्म १९२३ चा. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा शाळा, बस, हॉटेलं, दवाखाने, पाण्याचे नळसुद्धा गोऱ्यांचे वेगळे आणि काळ्यांचे वेगळे, आणि हे नुसत्या रीतीने नव्हे, कायद्याने. सरावाची सार्वजनिक मैदानं तिला बंद होती. म्हणून ती गावाबाहेरच्या मातीच्या रस्त्यांवर अनवाणी धावायची, आणि काठ्या-दोऱ्या बांधून त्यावरून उंच उडीचा सराव करायची. पुढे टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या संस्थेत तिला जागा मिळाली. १९३९ ते १९४८ अशी सलग दहा वर्षं उंच उडीतली राष्ट्रीय विजेती तीच होती. पण १९४० आणि १९४४ ही दोन्ही ऑलिम्पिकं महायुद्धाने गिळली. १९४८ मध्ये लंडनला पोहोचली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. १.६८ मीटर उडी मारून तिने सुवर्ण जिंकलं. ब्रिटनच्या डोरोथी टायलरनेही तेवढीच उडी मारली होती, पण प्रयत्नांच्या हिशेबात ती मागे पडली. ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी जगातली पहिली कृष्णवर्णीय स्त्री ती ॲलिस. पदक खुद्द राजे सहावे जॉर्ज यांनी दिलं.

घरी तिच्यासाठी मोटारींचा ताफा निघाला, अटलांटापासून ऑल्बनीपर्यंत, सुमारे दोनशे ऐंशी किलोमीटर. रस्त्यात गावोगाव लोक उभे. ऑल्बनीच्या सभागृहात मात्र गोरे एका बाजूला, काळे दुसऱ्या बाजूला. मंचावर महापौर बसले होते. इंग्लंडच्या राजाने जिचा सन्मान केला, तिच्याशी त्यांनी हस्तांदोलन केलं नाही. तिला बोलायलाही दिलं नाही, आणि कार्यक्रम संपल्यावर तिला बाजूच्या दाराने बाहेर पडावं लागलं. सत्कारमूर्तीला बाजूचं दार!

विल्मा १९४० साली टेनेसीतल्या क्लार्क्सव्हिलजवळ जन्मली, बावीस भावंडांतली विसावी. वडील रेल्वेत हमाल, आई गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणारी. तिच्या पोलिओची कथा आपण दैवाची म्हणून सांगतो, पण तीही वर्णभेदाचीच कथा आहे. गावात काळ्या लोकांसाठी उपचारांची सोय जेमतेम, म्हणून आई तिला घेऊन ऐंशी किलोमीटरवरच्या नॅशव्हिलला, कृष्णवर्णीयांच्या मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालयात न्यायची. दर आठवड्याला, बसच्या मागच्या बाकांवर बसून. उरलेले दिवस घरची मंडळी आळीपाळीने पाय चोळायची.

पुढे एड टेंपल या प्रशिक्षकाची नजर तिच्यावर गेली. टेनेसी स्टेट या कृष्णवर्णीय विद्यापीठात त्यांनी मुलींचा संघ घडवला होता. पैसा तुटपुंजा, आणि दक्षिणेत स्पर्धेला जायचं तर वाटेत हॉटेल मिळेल, स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही. मग डबे बांधून मोटारीने निघायचं. आश्चर्य म्हणजे अमेरिकेच्या महिला धावण्यातलं बरंचसं वैभव याच टस्कीगी आणि टेनेसी स्टेटसारख्या संस्थांमधून आलं. मुलींनी मैदानावर घाम गाळणं अनेक गोऱ्या महाविद्यालयांना तेव्हा बायकी वाटत नव्हतं, त्यामुळे जी जागा रिकामी राहिली ती या मुलींनी भरली. रोमच्या ४ × १०० मीटर रिलेत सुवर्ण जिंकणाऱ्या चौघीही टेंपल यांच्याच शिष्या.

विल्माने १०० मीटर ११.० सेकंदांत जिंकली. वारा नियमापेक्षा जास्त होता, म्हणून ती वेळ विक्रमात धरली गेली नाही. २०० मीटरचं सुवर्णही तिचंच. युरोपातल्या वर्तमानपत्रांनी तिचं कौतुक केलं ते ‘काळं हरीण’ म्हणून. कौतुकातही रंग आधी दिसला, हे नोंदवून ठेवायला हवं.

मग आला घरचा सत्कार. टेनेसीचे गव्हर्नर ब्यूफर्ड एलिंग्टन हे उघडपणे वर्णविभाजनाच्या बाजूचे, आणि स्वागत त्यांच्या पुढाकाराने होणार होतं. गावच्या रिवाजाप्रमाणे काळे-गोरे वेगळे ठेवणार असाल तर मी येणार नाही, असं वीस वर्षांच्या विल्माने कळवलं. ४ ऑक्टोबर १९६० ला क्लार्क्सव्हिलच्या रस्त्यांवर हजारो लोक उभे होते, आणि रात्रीच्या मेजवानीला अकराशे माणसं एकाच सभागृहात जेवली. गावाच्या इतिहासात असा एकत्र कार्यक्रम पहिल्यांदाच होत होता. त्याच वर्षी नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांनी दुकानांतल्या, फक्त गोऱ्यांसाठीच्या जेवणाच्या काउंटरवर बसून मारहाण आणि अटक सोसली होती, आणि मे महिन्यात ते काउंटर खुले करून घेतले होते, हेही इथे लक्षात ठेवलं पाहिजे. विल्मा एकटी नव्हती.

एका मिरवणुकीने गाव बदललं असं मात्र नाही. १९६३ मध्ये अमेरिकी सरकारने तिला सदिच्छादूत म्हणून पश्चिम आफ्रिकेत पाठवलं. सेनेगलची राजधानी डाकारला तिने देशाची प्रतिनिधी म्हणून हजेरी लावली. ती परत आली, आणि थोड्याच दिवसांत क्लार्क्सव्हिलमधल्या, फक्त गोऱ्यांना वाढणाऱ्या एका हॉटेलाविरुद्धच्या निदर्शनात उतरली. त्यानंतर लवकरच महापौरांनी शहरातली हॉटेलं आणि सार्वजनिक ठिकाणं सर्वांना खुली होतील असं जाहीर केलं.