वाढलेल्या वजनासह ॲपकडे परतताना

वजन घटवण्यासाठी वापरलेले ॲप बऱ्याच काळाच्या खंडानंतर पुन्हा उघडले, की पडद्यावर आधी दिसते ती शेवटची नोंद: त्या दिवशीचे वजन आणि त्यावरून ठरलेला रोजच्या कॅलरींचा कोटा. मधल्या काळात कमी झालेले वजन बरेचसे परत आलेले असते, त्यामुळे तो आकडा पाहणे जड जाते आणि अनेक जण जुने खाते बंद करून नवे उघडतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की जुने खाते पुसू नये. कमी केलेले वजन पुन्हा वाढणे ही शरीरशास्त्राच्या दृष्टीने अपेक्षित घटना आहे, आणि आपल्या बाबतीत ती नेमकी केव्हा व कशी घडू लागली याचा पुरावा बहुधा त्या जुन्या आलेखाखेरीज दुसरीकडे कुठेही नसतो.

ही घटना अपेक्षित का, हे समजून घेण्यासाठी २०१६ मध्ये केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले एक विश्लेषण फार उपयोगी आहे. त्यात टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांना वर्षभर कॅनाग्लिफ्लोझिन हे औषध दिल्याच्या चाचणीतील माहिती वापरली होती. या औषधामुळे रक्तातील काही साखर लघवीवाटे बाहेर टाकली जाते, म्हणजे दररोज सुमारे ३६० कॅलरी शरीरातून निघून जातात, आणि रुग्णाला त्याचा पत्ता नसतो. त्याने आहार ठरवून कमी केलेला नसतो, निर्धाराची कसोटी लागलेली नसते. तरीही वजन काही किलोंनी उतरून स्थिरावले, कारण कोणाच्याही लक्षात न येता खाणे हळूहळू वाढत गेले होते. संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा असे दिसले, की घटलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, तर भूक मात्र रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. थोड्या वजनघटीवरून काढलेला हा आकडा मोठ्या वजनघटीला जसाच्या तसा लावणे योग्य नाही, परंतु त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: ‘चयापचय मंदावले’ ही तक्रार आपण नेहमी ऐकतो, पण वजन परत आणण्यात त्याहून कितीतरी मोठा वाटा वाढलेल्या भुकेचा असतो.

ही भूक काही आठवड्यांत शमत नाही. मेलबर्नमधील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जादा वजनाच्या ५० व्यक्तींना दहा आठवडे अतिशय कमी कॅलरींचा आहार दिला होता. त्यानंतर वर्ष उलटले तरी, मेदपेशींतून स्रवणारे आणि मेंदूला साठ्याची खबर देणारे लेप्टिन कमीच होते, जठरातून स्रवणारे भूकवर्धक घ्रेलिन चढेच होते, आणि सहभागी व्यक्तींनी स्वतः सांगितलेली भूकही आहार सुरू करण्यापूर्वीच्या पातळीपेक्षा जास्त होती. वजन घटवण्यासाठी अलीकडे वापरात आलेल्या सेमाग्लुटाइड या औषधाचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. मोठ्या चाचणीत ते बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश वजन परत आले. औषधाने दाबून धरलेली भूक औषध थांबताच मोकळी झाली, इतकाच त्याचा अर्थ.

मेदपेशींची गोष्टही अशीच आहे. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेच्या किर्स्टी स्पॉल्डिंग आणि सहकाऱ्यांनी अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या कार्बन-१४ च्या आधारे मेदपेशींचे वय मोजले. त्यांचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रौढ वयात या पेशींची संख्या जवळपास कायम राहते, दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी बदलल्या जातात, आणि शस्त्रक्रियेने वजन खूप उतरले तरी पेशी कमी होत नाहीत, फक्त लहान होतात. २०२४ मध्ये झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातील गटाने यात भर घातली. लठ्ठपणाच्या काळात मेदपेशींतील जनुकांच्या कामकाजात जे बदल होतात, त्यांतील काही वजन उतरल्यावरही टिकून राहतात, असे त्यांना माणसांत आणि उंदरांत आढळले. अशा उंदरांना पुन्हा स्निग्ध आहार दिल्यावर त्यांचे वजन इतर उंदरांपेक्षा वेगाने वाढले.

हे सगळे वाचून प्रयत्न व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्यातून एवढेच ठरते की वजन घटवणे आणि घटलेले वजन राखणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि बहुतेक ॲप पहिल्याच कामासाठी रचलेली असतात.

आता ॲपच्या गणिताकडे वळू. अनेक ॲप शरीराचा विश्रांतीतील ऊर्जाखर्च मिफ्लिन-सेंट जेओर या १९९० मध्ये मांडल्या गेलेल्या सूत्राने काढतात. स्त्रियांसाठी किलोतील वजनाला १० ने आणि सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने गुणून बेरीज करायची, आणि तीतून वयाची पाचपट व आणखी १६१ वजा करायचे. समजा एका ४४ वर्षांच्या, १६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीच्या खात्यात शेवटचे वजन ७० किलो आहे आणि आज ते ७९ आहे. जुन्या वजनावरून उत्तर येते १३१९ कॅलरी, आजच्या वजनावरून १४०९. हालचालींचा गुणक लावला की हा फरक रोज सुमारे १२० कॅलरींचा होतो. म्हणजे खात्यातील वजनाची नोंद न बदलता जुनाच कोटा पुढे चालवला, तर योजनेत कधीच नसलेली जादा कपात पहिल्या दिवसापासून माथी बसते. म्हणून परतल्यावर आजचे खरे वजन भरणे हे मन घट्ट करून उरकायचे प्रायश्चित्त नव्हे; पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा असतो.

हे सूत्र पूर्वी वजन घटवून पुन्हा वाढलेल्या माणसात आणि तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या माणसात फरक करत नाही. वजन घटवण्याच्या अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी केली, तेव्हा सरासरी ५८ पैकी ४१ किलो परत आलेले असूनही त्यांचा विश्रांतीतील खर्च शरीराच्या आकारावरून अपेक्षित असलेल्या खर्चापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी भरला. हे टोकाचे उदाहरण आहे आणि ते सर्वांना लावू नये. पण ॲपने दिलेला कोटा हा अंदाज समजावा, आणि तीन-चार आठवड्यांच्या स्वतःच्या नोंदींवरून तो दुरुस्त करावा, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

‘अमुक तारखेला तुम्ही लक्ष्य गाठाल’ हे भाकीत तर बहुधा फसतेच. त्यामागे असतो तो एक किलो म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी हा मॅक्स विश्नोफ्स्की यांनी १९५८ मध्ये रूढ केलेला ठोकताळा. त्यानुसार रोज २४० कॅलरी कमी घेतल्यास वर्षाला ११ किलोंहून अधिक वजन उतरावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच. हॉल यांच्या गटाने २०११ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार मात्र उतरत्या वजनाबरोबर खर्चही उतरत असल्याने एवढ्या कपातीने अखेरीस सुमारे १० किलो उतरतात, त्यांतील निम्मे पहिल्या वर्षात आणि जवळपास सगळे तीन वर्षांत. पहिल्या खेपेला आलेख मध्येच सपाट झाला म्हणून ॲप सोडले असेल, तर तो सपाट भाग बहुधा अपयशाचा नसून अवास्तव भाकिताचा होता.

परतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात याच्या उलट फसगत होते. यकृत आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठलेले असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. आहार कमी होताच हा साठा वापरला जातो, पाणी निघून जाते आणि काटा झपाट्याने खाली येतो. एक-दोन दिवस पोटभर जेवताच तो पुन्हा वर जातो. यांतील कोणताही बदल चरबीचा नसतो. त्यामुळे सुटा आकडा न पाहता सात दिवसांची सरासरी पाहावी, आणि बऱ्याच ॲपमध्ये तशी सोय असते.

खाण्याची नोंद हा भाग कंटाळवाणा आहे हे मान्य केले पाहिजे, पण तिला पर्याय फारसा नाही. न्यू यॉर्कमधील १९९२ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात, १२०० कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या व्यक्तींचे प्रत्यक्ष सेवन अचूक पद्धतीने मोजले गेले, तेव्हा त्यांच्या नोंदींत सरासरी ४७ टक्के सेवन गळलेले आढळले. त्यांनी खोटे सांगितले असे मुळीच नव्हे. स्मरणावर विसंबले की प्रत्येकाचेच असे होते. नोंदीला लागणारा वेळ मात्र वाटतो तितका नसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४२ व्यक्तींच्या सहा महिन्यांच्या अभ्यासात सुरुवातीला नोंदीवर दिवसाला सरासरी २३ मिनिटे जात होती आणि अखेरीस १५ मिनिटांहूनही कमी. वजन अधिक उतरले ते दिवसातून जास्त वेळा नोंद करणाऱ्यांचे. नोंद किती तपशीलवार होती, त्यावर किती वेळ घालवला, याला फारसे महत्त्व उरले नाही. परतणाऱ्याला याचा फायदा असा, की त्याच्या नेहमीच्या पदार्थांची यादी जुन्या खात्यात तयार असते.

त्याच खात्यात आणखी एक गोष्ट शोधावी. नोंदी विरळ केव्हा झाल्या आणि वजन चढू केव्हा लागले, या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. काटा वर जातो आहे अशी शंका येताच माणूस वजन करणेच टाळतो, आणि मग वाढ अर्ध्या किलोवर असताना कळण्याऐवजी सहा किलोंवर कळते. सलग दिवस मोजणारी ॲपमधील साखळीही यात भर घालते: एक दिवस चुकला, आकडा शून्यावर आला, की सगळेच बिघडले असे वाटून उरलेला आठवडाही सोडून दिला जातो. ती दाखवणे बंद करता येत असेल तर जरूर करावे.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा रक्तातील साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आहार कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे, कारण औषधाची मात्रा तीच ठेवल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. गरोदरपणात वजन घटवण्याच्या कोट्यांना जागा नाही. ज्यांना पूर्वी खाण्यासंबंधीचा मानसिक आजार झाला आहे, त्यांच्यासाठी कॅलरी मोजणेच घातक ठरू शकते. त्यांनी हा मार्ग तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय धरू नये.

वजन राखण्यासंबंधी रीना विंग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी मला सर्वांत आश्वासक वाटते. किमान १० टक्के वजन घटवलेल्या ३१४ व्यक्तींपैकी काहींना फक्त माहितीपत्रके मिळाली. इतरांना, समोरासमोर किंवा इंटरनेटवरून, रोज वजन करून त्यानुसार वागण्याचे शिक्षण मिळाले. वजनाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे ठरवले होते: पिवळ्यात गेल्यास खाण्यात किंवा व्यायामात लहान बदल, लाल पट्ट्यात, म्हणजे सुरुवातीपेक्षा सुमारे २.३ किलो वर गेल्यास, वजन घटवण्याचा पूर्ण कार्यक्रम पुन्हा सुरू. दीड वर्षानंतर २.३ किलो किंवा त्याहून अधिक वजन परत आलेल्यांचे प्रमाण माहितीपत्रकांच्या गटात ७२.४ टक्के, इंटरनेट गटात ५४.८ टक्के आणि समोरासमोरच्या गटात ४५.७ टक्के होते. ज्या ॲपमध्ये असे पट्टे आखण्याची सोय नाही, तिथे राखायच्या वजनाहून सुमारे सव्वादोन किलो जास्तीचा आकडा टिपणाच्या रकान्यात लिहून ठेवावा, आणि सात दिवसांची सरासरी त्याला टेकली की आहाराची नोंद त्याच आठवड्यात पुन्हा सुरू करावी.