मोटारीच्या दारातला जुना चिकट सीलंट: तो सुटतो कसा आणि का सुटत नाही

मोटारीच्या दाराचे आतले आवरण उतरवले की त्यामागे पत्र्यावर बसवलेला प्लास्टिकचा किंवा फोमचा पातळ पडदा दिसतो आणि त्याच्या कडेने काळ्या, लवचिक सीलंटची जाड रेघ फिरलेली असते. खिडकीची काच खाली-वर होते त्या फटीतून पावसाचे पाणी दारात शिरतेच. ते काचेवरून ओघळून दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडावे, अशीच दाराची रचना असते. हे पाणी आतल्या आवरणाकडे आणि तिथून पायाखालच्या गालिच्यात जाऊ नये, एवढे काम त्या पडद्याचे आणि सीलंटचे. काच वर-खाली करणारी यंत्रणा किंवा स्पीकर दुरुस्त करायला पडदा सोडवला, की अर्धा सीलंट पडद्यावर आणि अर्धा पत्र्यावर राहतो. मग तो हाताला, कपड्यांना, हत्यारांना, जिथे नको तिथे लागतो.

हा सीलंट बहुधा ब्युटाईल रबराचा असतो. विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये हे रबर तयार केले. ते जवळजवळ संपूर्णपणे आयसोब्युटिलिन या रसायनाचे रेणू जोडून झालेल्या लांब साखळ्यांचे असून आयसोप्रीन या दुसऱ्या रसायनाचे प्रमाण त्यात जेमतेम १ ते ३ टक्के असते. साखळीतल्या एकाआड एक कार्बनवर दोन-दोन मिथिल गट (एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचे छोटे गट) बसलेले असल्यामुळे साखळ्या एकमेकींत दाटीने बसतात आणि सावकाश सरकतात. हवा व वाफ त्यातून सहजी जात नाही. म्हणून टायरच्या ट्यूबसाठी हे रबर फार उपयोगी ठरले. सीलंट करताना या साखळ्या एकमेकींशी पक्क्या जोडत नाहीत, तर तेल आणि खनिज भुकटी मिसळून त्या मोकळ्याच ठेवतात. पुष्कळशी रबरे वयाबरोबर कडक होतात; ब्युटाईलच्या साखळ्या मात्र ऑक्सिजनमुळे आणि उन्हामुळे प्रामुख्याने तुटत जातात. त्यामुळे जुना सीलंट वाळण्याऐवजी अधिकच चिकट झालेला आढळतो.

असा थर पुसायला गेले की तो पसरतो, आणि खरा प्रश्न इथे आहे. ओढताना दोन पकडींची झुंज चालते: सीलंटची रंगाशी असलेली पकड आणि सीलंटची स्वतःच्या आतली पकड. आतली पकड कमी पडली तर तो मधूनच फाटतो, त्याला तारा सुटतात आणि पातळ थर मागे उरतो. ती जास्त ठरली तर तो रंगावरून अखंड उचलला जातो. सीलंट काढण्याच्या साऱ्या चांगल्या युक्त्या आतल्या पकडीचे पारडे जड करण्यासाठीच असतात.

पहिली युक्ती थंडाव्याची. चिकटपट्ट्यांचा अभ्यास करणारे कार्ल डालक्विस्ट यांनी दाखवून दिले, की पदार्थाची ताठरता साधारण ३ लाख पास्कलच्या (पास्कल हे ती मोजण्याचे एकक) वर गेली, की हलक्या दाबाने तो पृष्ठभागाच्या बारीक खाचाखोचांत नीट बसू शकत नाही आणि त्याचा चिकटपणा संपतो. ब्युटाईल पूर्ण काचेसारखे कडक व्हायला उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास जावे लागते, पण तेवढ्याची गरज नसते, कारण त्याची ताठरता तापमान उतरते तशी टप्प्याटप्प्याने वाढत जाते. थंड करणाऱ्या फवाऱ्याने रेघ ताठ झाली, की प्लास्टिकच्या पट्टीने तिचे तुकडे निघतात. उष्ण हवेचा झोत मात्र पडदा न फाडता सोडवण्यापुरताच वापरावा. सीलंट काढायला तो वापरला तर आतली पकड ढिली होऊन थर आणखी पसरतो.

दुसरी युक्ती वेगाची. अशा पदार्थांत झटका देणे हे थंड करण्यासारखेच असते, कारण साखळ्यांना सरकायला वेळच मिळत नाही. सीलंटचाच एक गोळा करून तो उरलेल्या थरावर घट्ट दाबावा आणि चटकन उचलावा, पुन्हा दाबावा, पुन्हा उचलावा. सारख्याच साखळ्या असल्याने गोळ्यातल्या आणि थरातल्या साखळ्या एकमेकींत मिसळतात आणि थर गोळ्याबरोबर येतो. माझ्या मते सर्वांत स्वच्छ आणि निर्धोक रीत हीच आहे. तिला फक्त धीर लागतो.

शेवटच्या पुसट थरासाठी द्रावक लागतो. ब्युटाईल हे हायड्रोकार्बन, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांचेच बनलेले, असल्याने ते मिनरल टर्पेंटाइन किंवा रॉकेल यांसारख्या हायड्रोकार्बन द्रावकांत फुगते आणि विरघळते. अ‍ॅसिटोन आणि अल्कोहोल ध्रुवीय (रेणूत विद्युतभार असमान विभागलेले) असल्याने त्यांचा उपयोग होत नाही, उलट अ‍ॅसिटोनने प्लास्टिकचे भाग आणि काही रंग खराब होतात. द्रावक दारात ओतू नये, फडक्याला थोडा लावून पुसावा, आणि आधी आडोशाच्या जागी रंगावर तपासून पाहावा. त्याची वाफ पेटू शकते आणि दाराच्या बंदिस्त पोकळीत साठते. म्हणून बॅटरीची तार सोडवावी, दार उघडे ठेवावे आणि हातमोजे घालावेत. पत्र्याच्या कापलेल्या कडा धारदार असतात, तेव्हा मोजे पातळ नसावेत.

पडदा परत लावताना पत्र्यावर द्रावकाचा तेलकट अंश राहिला तर नवा सीलंट धरत नाही. आता अल्कोहोलचा हात फिरवणे योग्य ठरते. काही मोटारींत बाजूच्या धडकेची जाणीव दारातल्या हवेच्या दाबावरून करून घेतात, त्यामुळे तिथे पडद्यात भोक राहणे केवळ ओलीपुरते मर्यादित नसते. पडद्याची खालची कड पत्र्यातल्या फटीतून दाराच्या आत सोडलेली होती की नाही, हे काढतानाच पाहून ठेवावे. ती बाहेर राहिली तर पडद्यावरून ओघळलेले पाणी तळाच्या भोकांकडे न जाता थेट आवरणामागे उतरते.