सूत्र बरोबर, तरी उत्तर काहून चुकते?
(नववी ते अकरावीची पोरं अन त्यांच्या पालकांसाठी)

रोज रात्री क्लासच्या व्हॉट्सअपवर गणिताचे फोटो येऊन राहिले, "सर, उत्तर जुळत नाही." सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, अन चूक बहुतेक एकच, दिशा ठरवलेलीच नसते.

विहिरीचं गणित घ्या. काठावरून दगड सरळ वर फेकला, वेग ५ मीटर प्रति सेकंद, २ सेकंदांनी पाण्यात पडला, तर पाणी किती खाली? गुरुत्व त्वरण (पृथ्वीच्या ओढीनं दर सेकंदाला वेग किती बदलतो ते) १० धरा. पोरं लगेच एस = यूटी + अर्धा एटी वर्ग (एस म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून किती अंतर, यू सुरुवातीचा वेग, ए त्वरण, टी वेळ, वर्ग फक्त टीचा) मध्ये आकडे टाकतात, १० अधिक २०, ३० मीटर! जवळपास शंभर फूट झाले, आपल्या शेतातल्या विहिरी एवढ्या असतात का? आता आधी बाण काढा, वर म्हणजे अधिक. यू अधिक ५, पण ए उणे १०, कारण पृथ्वी खालीच ओढते, दगड वर जात असला तरी. मग १० वजा २०, उणे १०, म्हणजे पाणी काठाच्या १० मीटर खाली. ते उणे खोडू नका बाप्पा, तेच तर सांगून राहिलं दगड कुठं गेला. खाली अधिक धरलं तरी चालते, फक्त अर्ध्यातून बदलायचं नाही. अन सगळ्यात वरच्या टोकावर वेग शून्य होतो, त्वरण मात्र शून्य होत नाही, नाहीतर दगड वरच राहिला असता.

ब्रेकचंही तेच. ५४ किलोमीटर प्रति तासाची एसटी (५/१८ नं गुणलं की १५ मीटर प्रति सेकंद) एकसारखा ब्रेक लागून ६ सेकंदात थांबली. त्वरण उणे २.५, अंतर ४५ मीटर. उणे विसरले की १३५ येते, ब्रेक न लावता गाडी ९० मीटरच गेली असती! असं उत्तर वहीतच पकडता आलं पाहिजे.

काही पालक म्हणतात, सर तासाभरात दोन-तीनच गणितं घेतात. हो, घेतो, कारण प्रत्येक गणितात आधी रेघ, बाण, दिलेले आकडे चिन्हासकट, अन मगच सूत्र. सवय लागली की पोरगं घरी एकट्यानं दहा सोडवते, आमच्या पोरांचं हे आम्ही पाहतो.

म्हणून नुसता प्रश्नाचा फोटो पाठवू नका, बाण काढलेल्या पानाचा पाठवा, चूक कुठं आहे ते लगेच सांगता येते. रविवारी सकाळी शंकांचा तास असतो, नवीन पोरांनाही बसता येते, पहिल्या रविवारची फी नाही, वही मात्र सोबत आणा.